मीटिंग रूमबाहेरचा ॲक्सेस पॉइंट सारखा बंद पडतो: दुरुस्तीच्या नोंदी

ऑफिसातले बाकीचे ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारे डबे, थोडक्यात एपी) नीट चालतात आणि एकच सारखा त्रास देतो, अशी वेळ ज्यांच्यावर आली असेल त्यांच्यासाठी या नोंदी ठेवल्या आहेत. आमची मांडणी अशी: एक मजला, छताला आठ ॲक्सेस पॉइंट, सगळे एकाच २४ पोर्टच्या पीओई स्विचवर (स्विच म्हणजे नेटवर्क केबली जिथे येऊन जोडल्या जातात ते यंत्र). पीओई म्हणजे डेटा आणि वीज दोन्ही एकाच नेटवर्क केबलमधून जातात. सगळ्या एपींवर देखरेख ठेवणारा एक कंट्रोलर. नेटवर्क दोन, कर्मचाऱ्यांचं आणि पाहुण्यांचं, दोन्हींचे व्हीलॅन (त्याच तारांवर वेगळे ठेवलेले आभासी विभाग) वेगळे. बिघडलेला तो एपी-५, मोठ्या मीटिंग रूमच्या दाराबाहेरचा.

८ जुलै, सोमवार

तक्रार एकाच वाक्यात येते: "वायफाय जातंय." या वाक्यातून काहीच कळत नाही, म्हणून मीटिंग रूमच्या आसपास बसणाऱ्यांना सांगितलं की पुढच्या वेळी चार गोष्टी लिहून ठेवा. किती वाजता गेलं, कुठे बसला होता, यादीत नेटवर्कचं नाव दिसत होतं का, आणि जोडलेलं दाखवूनही नेट चालत नव्हतं का. दुपारपर्यंत आलेल्या सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच उत्तर होतं: नाव यादीतून गायब झालं, थोड्या वेळाने परत आलं. म्हणजे इंटरनेटची लाइन किंवा डीएचसीपी (यंत्रांना नेटवर्कचे पत्ते वाटणारी सेवा) यांच्यामागे लागण्यात आत्ता अर्थ नाही. रेडिओच बंद होतोय.

कंट्रोलरवर पाहिलं तर बाकी सात एपी कित्येक आठवडे सलग चालू होते आणि एपी-५ जेमतेम तासाभरापूर्वी सुरू झालेला. अशा तक्रारीत सर्वात आधी हाच आकडा बघावा. यंत्र स्वतः बंद पडून सुरू होतंय की चालू असूनही लोक तुटतायत, हे त्यावरून लगेच कळतं आणि पुढचे दोन्ही रस्ते पूर्ण वेगळे आहेत.

एपीचा स्वतःचा लॉग (घडामोडींची नोंद) उघडला तर तो शेवटच्या रीबूटपासूनच सुरू होत होता. लॉग मेमरीत राहतो, वीज गेली की पुसला जातो. ज्या क्षणाचं कारण हवं आहे नेमका तोच क्षण जातो. म्हणून एका रिकाम्या संगणकावर सिसलॉग सर्व्हर (सगळ्या यंत्रांचे लॉग एका जागी साठवणारा) चालू केला आणि स्विच व सगळे एपी त्याच्याकडे वळवले. तेव्हा लक्षात आलं की स्विचचं घड्याळ काही मिनिटं मागे आहे, आणि एपी तर सुरू झाल्यावर वेळ मिळेपर्यंत कारखान्यातली जुनी तारीख लावतो. दोन यंत्रांच्या नोंदी शेजारीशेजारी ठेवून वाचायच्या असतील तर घड्याळं जुळलीच पाहिजेत. सगळ्यांना एकच एनटीपी सर्व्हर (बरोबर वेळ पुरवणारा) दिला. दिवसभरात एवढंच झालं, पण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

९ जुलै, मंगळवार

विक्रेत्याच्या सपोर्टला फोन केला. त्यांनी फर्मवेअर (एपीच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करायला सांगितलं. तेच फर्मवेअर बाकीच्या सात एपींवर विनातक्रार चालतंय, त्यामुळे संशय फारसा पटण्यासारखा नव्हता, पण त्या पायरीशिवाय ते पुढचं काही बोलायला तयार नव्हते. कॉन्फिगरेशनचा बॅकअप घेतला, अपडेट केलं, अर्धा दिवस गेला. दुपारी एपी पुन्हा बंद पडला.

या वेळी मात्र सिसलॉग हाताशी होता. एपीची शेवटची ओळ अगदी साधी, एक लॅपटॉप जोडला गेल्याची. क्रॅश नाही, वॉचडॉग (अडकलेलं यंत्र आपोआप रीबूट करणारी सोय) नाही, बंद होत असल्याची सूचना नाही. वाक्य अर्ध्यात तुटावं तसा लॉग तुटलेला. स्विचच्या लॉगमध्ये त्याच सेकंदाला पोर्ट ११ ची (एपी-५ ची केबल इथेच येते) पीओई वीज गेल्याची नोंद, मग नवं यंत्र ओळखल्याची, मग वीज चालू, मग लिंक म्हणजे डेटाची जोडणी. त्यानंतर तिसऱ्या मिनिटाच्या सुमाराला नेटवर्कचं नाव पुन्हा दिसू लागलं.

हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे. एपीचं सॉफ्टवेअर अडकून तो स्वतः रीबूट झाला असता तर लिंक तुटली असती, पण यंत्र वीज ओढतच राहिलं असतं आणि स्विचने पीओईबद्दल एक ओळही लिहिली नसती. इथे आधी वीज गेली. त्यामुळे सॉफ्टवेअरचा विचार सोडून दिला.

१० जुलै, बुधवार

वीज का जाते? पहिला संशय स्विचच्या एकूण पीओई बजेटवर. स्विच सगळे पोर्ट मिळून ३७० वॉट देऊ शकतो, वापर त्याच्या निम्म्याहूनही कमी. तो प्रश्न मिटला.

मग भार टाकून पाहायचं ठरवलं. तक्रारींच्या वेळा मीटिंग रूमच्या बुकिंगशी जुळत होत्या: खोली भरली की एपी पडतो, रिकामी असली की तासन् तास चालतो. खोलीत काही लॅपटॉप ठेवले, सगळ्यांवरून सर्व्हरवर मोठ्या फाइल कॉपी करायला लावल्या आणि स्विचवर पोर्ट ११ चा वॉटचा आकडा बघत बसलो. शांत असताना ९ च्या आसपास. कॉपी सुरू होताच १२, मग १४, मग १५ च्या थोडा वर गेला आणि एकदम शून्य. खोलीतून आवाज आला, "गेलं!"

१५ वॉट दिसताच मनात आलं ते पीओईच्या जुन्या प्रमाणकाचं. २००३ च्या ८०२.३एएफ प्रमाणे पोर्ट जास्तीत जास्त १५.४ वॉट देतो, त्यातले १२.९५ यंत्रापर्यंत पोचतील असं धरलेलं असतं. २००९ च्या ८०२.३एटी मध्ये पोर्ट ३० वॉट देतो आणि २५.५ यंत्राला मिळतात. आमच्या एपीला दोन्ही रेडिओ पूर्ण जोरात चालवायला दुसरा प्रकार लागतो. पोर्ट चुकून जुन्या मर्यादेत अडकला असेल तर गणित चोख बसत होतं. पण पोर्टचं सेटिंग पाहिलं तर मर्यादा ३० वॉट, आणि एपीने एलएलडीपीवरून (शेजारची यंत्रं एकमेकांना माहिती देतात तो मार्ग) मागितलेली वीज मंजूरही झालेली.

भाराची चाचणी पुन्हा केली. या वेळी तो १७ वर पडला. लगेच परत केली तर १३ वर. इथे चित्र स्पष्ट व्हायला लागलं. सेटिंगमधली मर्यादा असती तर दर वेळी त्याच आकड्यावर तोडलं असतं. आकडा बदलतोय, आणि आधीच तापलेलं असताना लवकर पडतोय, म्हणजे कुठेतरी काहीतरी सैल आहे, भाजतंय, किंवा दोन्ही.

स्विचचा पोर्टच खराब नाही ना, हे बघायला केबल पोर्ट १६ वर हलवली. त्या पोर्टवर पाहुण्यांच्या व्हीलॅनचा टॅग दिलेला नव्हता, म्हणजे ते नेटवर्क तिथे पोचतच नव्हतं. पाहुण्यांचे फोन जोडले जात होते पण पत्ते १६९.२५४ ने सुरू होणारे, म्हणजे डीएचसीपीकडून उत्तर न आल्याने फोनने स्वतःच घेतलेले. मूळ बिघाडावर हा नवा गोंधळ चढला आणि तो निस्तरण्यात बराच वेळ गेला. पोर्ट बदलायचा तर आधीच्या पोर्टचं कॉन्फिगरेशन जसंच्या तसं उतरवून घ्या, मगच केबल उपटा. टॅग दिल्यावर पोर्ट १६ वरही तेच: भार आला की शून्य. स्विच निर्दोष.

११ जुलै, गुरुवार

आता उरले दोन: एपी आणि केबल. व्यवस्थापनाकडून नव्या एपीला मंजुरी आली होती. ऑर्डर एक दिवस थांबवा अशी विनंती केली, कारण ही चाचणी फुकट आहे आणि तिचं उत्तर पक्कं मिळतं.

एपी-५ छतावरून काढला, स्विचच्या रॅकशेजारच्या टेबलावर ठेवला आणि दोन मीटरच्या पॅच कॉर्डने (तयार छोट्या केबलने) थेट स्विचला जोडला. त्याच्या जागी एपी-३ लावला, जो आजवर कधी बंद पडलेला नाही. मग दोन्हींवर भार. टेबलावरचा 'खराब' एपी १८ वॉट ओढत संध्याकाळपर्यंत चालला. एपी-५ च्या जागेवर गेलेला चांगला एपी-३ पहिल्याच भाराला पडला.

म्हणजे दोष केबलमध्ये. नवा एपी आणला असता तर तोही इथे पडला असता, आणि मग लोक म्हणाले असते की या कंपनीचा मालच वाईट. एपी बदलण्याआधी जागांची अदलाबदल करा हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगेन. एक शिडी आणि थोडा वेळ, एवढाच खर्च.

केबलला दिव्यांचा साधा टेस्टर लावला. एक ते आठ सगळे दिवे क्रमाने लागले. या टेस्टरवर इथे विश्वास ठेवता येत नाही. तो तारेतून अगदी क्षीण प्रवाह सोडतो आणि तार सलग आहे एवढंच सांगतो. पीओईत त्याच तारांच्या जोडीतून अर्ध्या अँपिअरच्या वरही प्रवाह जाऊ शकतो. एका केसाएवढ्या संपर्कावर टेस्टरचा दिवा लागेल, एपी चालणार नाही.

स्विचवर मात्र दोन खुणा सापडल्या. पहिली, सीआरसी त्रुटींचा, म्हणजे खराब होऊन पोचलेल्या डेटाच्या तुकड्यांचा आकडा. तो शून्य करून भार टाकला तर भराभर वाढायला लागला, भार काढला की थांबला. दुसरी, स्विचमधली केबल तपासणीची सोय. ती तारेत सिग्नल सोडून कुठून परत येतो ते मोजते. केबलमधल्या आठ तारांच्या चार रंगीत जोड्यांपैकी तीन जोड्यांची लांबी ४७ मीटर आली. हिरव्या जोडीपुढे मात्र ३१ मीटरवर गडबड असल्याचं दाखवलं.

खात्रीसाठी मल्टिमीटर घेतला. दोन्ही टोकं मोकळी केली (मोजण्याआधी स्विचपासून केबल काढलीच पाहिजे), एका टोकाला जोडीच्या दोन्ही तारा एकत्र पिळल्या आणि दुसऱ्या टोकाला रोध मोजला. २४ गेजच्या तांब्याच्या तारेला दर मीटरला साधारण ०.०८४ ओहम, जाऊन येऊन ९४ मीटर, म्हणजे ८ ओहमच्या आसपास यायला हवा. केशरी, निळी, तपकिरी जोडी ८ च्या जवळच. हिरवी १४ च्या वर, आणि आकडा स्थिरच राहीना.

आमचा स्विच एका बाजूने केशरी जोडीतून (पिन १ आणि २) वीज पाठवतो आणि हिरव्या जोडीतून (पिन ३ आणि ६) परत घेतो. म्हणून निळ्या किंवा तपकिरी जोडीत दोष असता तर लिंक गिगाबिटवरून १०० मेगाबिटवर घसरली असती, पण वीज गेली नसती. हिरवी खराब झाल्यावर दोन्ही बिघडतं: प्रवाह वाढला की सांध्यावर व्होल्टेज पडतं आणि एपी बंद होतो. शिवाय जोडीतल्या दोन तारांतून सारखा प्रवाह न गेल्यामुळे पोर्टमधला छोटा ट्रान्सफॉर्मर संपृक्त होतो (त्याची चुंबकीय क्षमता संपते) आणि डेटाही खराब होतो. भाराबरोबर सीआरसी का वाढत होत्या, ते इथे उलगडलं.

१२ जुलै, शुक्रवार

रॅकपासून केबलच्या वाटेने ३१ मीटर मोजत गेलो. तो आकडा एक-दोन मीटर इकडेतिकडे असू शकतो, म्हणून त्या टप्प्यातल्या फॉल्स सीलिंगच्या तीन-चार टाइल काढायची तयारी ठेवली. स्टोअर रूमच्या वरच्या दुसऱ्याच टाइलमागे सापडलं.

दोन केबल एका प्लास्टिकच्या कपलरने जोडलेल्या. मीटिंग रूमची जागा बदलली तेव्हा जुनी केबल अपुरी पडली असावी आणि कुणीतरी तुकडा जोडून दिला. कपलर थेट एलईडी पॅनेलच्या ड्रायव्हरवर (दिव्याला वीज पुरवणाऱ्या डबीवर) टेकलेला, सतत त्याची ऊब खात. मूळचं पांढरं प्लास्टिक एका बाजूने पिवळं पडून ठिसूळ झालेलं. प्लग ओढला तर क्लिप तुटून हातातच आली. टॉर्चखाली पाहिलं: आठ सोनेरी पिनांपैकी तिसऱ्या आणि सहाव्या पिनेच्या टोकाला मोहरीपेक्षाही लहान काळे डाग. मुलामा जळून खालचा धातू उघडा. तिसऱ्या पिनेवर नखाने खरवडलं तर काजळी निघाली.

आणखी एक गोष्ट. तुकड्याच्या टोकाचा प्लग बारीक धाग्यांच्या, मऊ तारेसाठीचा होता आणि केबल एकसंध तारेची. अशा प्लगच्या पात्यांची धार एकसंध तारेवर नीट बसत नाही. सुरुवातीला चालतं, पुढे सैल होतं. दोन्ही प्रकारचे प्लग बाहेरून जवळपास सारखे दिसतात, म्हणून घेताना पाकिटावर वाचूनच घ्यावेत.

तात्पुरतं म्हणून नवा कपलर टाकून एपी चालू केला. संध्याकाळची मीटिंग निर्विघ्न पार पडली. पण हा इलाज ठेवायचा नाही. बंद छताआड सांधा नकोच.

१३ जुलै, शनिवार

सुट्टीचा दिवस धरून पूर्ण केबल बदलली. पॅच पॅनेलपासून (रॅकमधली केबलींची जोडपट्टी) एपीपर्यंत अखंड, कॅट ६ प्रकारची. आशा होती की जुन्या केबलच्या टोकाला नवी बांधून ओढता येईल, पण जुनी जागोजागी केबल टायने आवळलेली निघाली. प्रत्येक टाइल उघडून टाय कापत जावं लागलं. दोघांचा अख्खा दिवस त्यात गेला. शिडीवर एक आणि खाली एक अशी दोन माणसं धरूनच या कामाची वेळ ठरवा.

ओढताना काळजी घेतलेल्या गोष्टी: झटका न देता हळू ओढणं (चार जोड्यांच्या केबलला ११० न्यूटनपर्यंतच ताण चालतो, म्हणजे सुमारे ११ किलोचा), वळणावर केबल दुमडू न देणं, आणि दिव्यांच्या वायरींपासून अंतर. टोकाला जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उघडला नाही. एपीच्या बाजूला प्लग क्रिम्प न करता (दाबून न बसवता) भिंतीवरच्यासारखा जॅक बसवला आणि तिथून छोटी तयार पॅच कॉर्ड एपीला दिली.

खोक्यातून केबल ओढण्याआधी एक तार चाकूने खरवडून पाहिली. आतही तांब्याचाच रंग हवा. आत पांढरट चमक दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याचा रोध तांब्यापेक्षा दीडपटीहून जास्त असतो आणि पीओईसाठी ती केबल घेऊ नये, कितीही स्वस्त मिळाली तरी.

मल्टिमीटरवर चारही जोड्या ७ ओहमच्या आत, एकमेकींशी जवळजवळ सारख्या.

१५ जुलै, सोमवार

भरलेल्या मीटिंग रूममध्ये पोर्ट १९-२० वॉट देतोय. एपी एकदाही बंद पडला नाही. सीआरसी शून्य. एपी-५ आणि एपी-३ आपापल्या मूळ जागी परत.

१७ जुलै, बुधवार

पुन्हा तक्रार. मीटिंग चालू असताना सगळे एकदम तुटले, मग जोडले गेले, पण तेव्हापासून वेग फारच कमी.

आधी चालू राहण्याचा वेळ पाहिला: अखंड. पीओईबद्दल स्विचवर एक ओळ नाही. म्हणजे हा दुसराच दोष. सिसलॉगमध्ये नोंद होती: ५ गिगाहर्ट्झवर चॅनेल १०० वर रडार आढळलं, चॅनेल सोडलं.

बहुतेक देशांत ५ गिगाहर्ट्झचे ५२ ते १४४ हे चॅनेल रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. एपीला रडारसारखा सिग्नल ऐकू आला तर १० सेकंदांत चॅनेल सोडावं लागतं आणि पुढची ३० मिनिटं तिथे परतता येत नाही. नवं चॅनेलही त्याच पट्ट्यातलं निवडलं तर बोलण्याआधी निदान ६० सेकंद नुसतं ऐकत राहावं लागतं. तेवढ्यात सगळे लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे एपीच्या दुसऱ्या, संथ रेडिओवर उतरतात आणि त्यातले बरेचसे तिथेच चिकटून बसतात, कारण कुठे जोडायचं हे लॅपटॉप ठरवतो, एपी नाही. वेग कमी झाला तो यामुळे.

कंट्रोलरने आपोआप चॅनेल निवडायचं सेटिंग होतं, त्यातून एपी-५ ला १०० मिळालेलं. हा प्रकार आधीही घडत असणार, पण रीबूटच्या गर्दीत वेगळा ओळखू येत नव्हता. एपी-५ चं चॅनेल ३६ पक्कं केलं, रुंदी ८० वरून ४० मेगाहर्ट्झ. रुंदी कमी केल्याने एकट्या लॅपटॉपचा कमाल वेग घटतो, पण ३६ ते ४८ च्या रडारमुक्त पट्ट्यात ४० च्या दोन जागा बसतात आणि शेजारच्या एपी-४ ला ४४ देता आलं. गर्दीच्या खोलीत एकमेकांवर न बोलणारे दोन एपी मला जास्त मोलाचे वाटतात. जोडीला २.४ ची प्रसारण शक्ती कमी केली, म्हणजे लॅपटॉप ५ वर राहणं पसंत करतील.

२२ जुलै, सोमवार

एपी-५ केबल बदलल्यापासून एकदाही बंद पडलेला नाही. रडारची नोंद पुन्हा एकदा आली, या वेळी एपी-७ वर, त्यामुळे त्याचंही चॅनेल बदललं.

नव्या एपीची ऑर्डर रद्द. लागलेलं साहित्य: ५० मीटर केबल, दोन जॅक, दोन पॅच कॉर्ड, लेबलं.

राहिलेलं काम: बाकीच्या सात केबलींवर स्विचची केबल तपासणी चालवली, त्यात एपी-२ ची केशरी जोडी १९ मीटरवर वेगळी दिसतेय. रोध अजून ८ च्या जवळ आहे आणि भारात एपी टिकतो, पण सीआरसी थोड्या वाढतात. तिथेही छताआड कपलर असेल असं धरून पुढच्या शनिवारी टाइल उघडायच्या आहेत. तोवर सिसलॉगमध्ये पोर्टची वीज गेल्याची ओळ आली की मला मेल येईल अशी व्यवस्था केली आहे.